१८७८ चा करार: जकात उठल्यावर गोव्याच्या निर्यातीच्या पदरात काय पडले?

प्रश्न: सत्तरीचा वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या घरी जुन्या दस्तऐवजांच्या पेटीत १८८२ सालचा एक चांदीचा रुपया सापडला. त्याच्या एका बाजूस पोर्तुगालचा राजा दों लुईश याचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूस राजचिन्हासोबत ‘इंडिया पोर्तुगेझा’ अशी अक्षरे आहेत. वाळपईच्या सोनाराने सहज म्हणून तो तागडीच्या एका पारड्यात टाकला व दुसऱ्यात राणीछाप रुपया ठेवला, तेव्हा काटा मधोमध राहिला. पुढे चौकशी केल्यावर कळले की हे नाणे गोव्यात नव्हे, तर कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेले आहे, आणि त्यामागची सारी व्यवस्था २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज व्यापारी करारातून उभी राहिली.

येत्या महिन्यात वाचनालयाच्या अभ्यासमंडळात या करारावर बोलण्याचे माझ्याकडे आले आहे. या कराराने गोवा ब्रिटिश हिंदुस्थानबरोबर सीमाशुल्क संघात गेला. जे थोडेफार वाचले त्यात मला एक विसंगती जाणवते. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत असे सांगितलेले असते की, एखादा लहान प्रदेश मोठ्या शेजाऱ्याबरोबर सीमाशुल्क संघात गेला, म्हणजे त्याच्या मालाला मोठी बाजारपेठ जकातीवाचून खुली होते आणि निर्यात वाढते. गोव्याच्या इतिहासावरील लेखनात मात्र करार चालू असलेल्या १८८० ते १८९२ या बारा वर्षांविषयी तक्रारीचा सूर ऐकू येतो. ब्रिटिश हिंदुस्थानची एवढी मोठी बाजारपेठ दारात उघडी झालेली असताना गोव्याच्या मालाला तिचा लाभ का होऊ नये? ‘इंग्रजांनी लुटले’ किंवा ‘पोर्तुगीज गाफील राहिले’ या दोन वाक्यांवर न थांबता कोणी नीट उलगडून सांगितले तर उपकार होतील.

उत्तर: निवृत्त जकातवाला, वास्को

आपला प्रश्न चांगला आहे. माझी उमेदीची वर्षे मुरगाव बंदरात मालाची कागदपत्रे सोडवण्यात गेली, त्यामुळे त्याच अंगाने उत्तर देतो.

सीमाशुल्क संघात दोन गोष्टी एकत्र येतात. सदस्यांमधली आतली जकात उठते, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांचा दर एकच होतो. नुसत्या मुक्त व्यापार करारात पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. म्हणून तेथे प्रत्येक खेपेबरोबर माल कोठे तयार झाला याचा दाखला जोडावा लागतो, नाहीतर बाहेरचा माल ज्याचा दर कमी त्याच्या दारातून आत शिरतो. संघात हा दाखला लागत नाही, आणि व्यापाऱ्याला ती मोठी सोय असते. पण त्या सोयीची किंमत अशी की, बाहेरचा दर ठरवण्याचा अधिकार सर्वांचा मिळून एक होतो आणि व्यवहारात तो मोठ्या भागीदाराच्या हाती जातो. गोव्याच्या बाबतीत तर सही करणारेही गोव्यातले नव्हते. इंग्रजांच्या बाजूने लिस्बनमधील वकील रॉबर्ट मोरिएर होता आणि पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्वू. गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत बसत असत हे खरे. परंतु जकातीचा दर यापुढे लिस्बनही ठरवणार नव्हते, तो कलकत्त्यास ठरणार होता.

आता तारखा पाहा, कारण माझ्या मते सगळे मर्म तारखांमध्येच आहे. करार १५ जानेवारी १८८० पासून अमलात आला. सावंतवाडी, बेळगाव आणि कारवारच्या बाजूच्या सीमेवरील जकात उठली. गोव्याचा नारळ, खोबरे, सुपारी, आंबा, मासळी हा माल त्याआधी परकी म्हणून नाक्यावर अडत असे, तो आता अडेनासा झाला. येथपर्यंत आपले क्रमिक पुस्तक बरोबर आहे.

पण एखाद्या सवलतीचे मोल इतरांना काय द्यावे लागते त्यावर ठरते. माझा नारळ मुंबईत बिनजकात जातो आणि दुसऱ्याचा जकात भरून जातो, तर मला काही फायदा आहे. दोघांचाही बिनजकात जात असेल, तर माझ्या सवलतीला सवलत म्हणण्यात अर्थ नाही. मार्च १८८२ मध्ये, म्हणजे करार लागू होऊन पुरती सव्वादोन वर्षे झालेली नसताना, हिंदुस्थान सरकारने जवळजवळ सगळ्या आयात मालावरची जकात काढून टाकली. मँचेस्टरच्या कापडवाल्यांचा आग्रह आणि मुक्त व्यापाराचे त्या काळचे वारे ही त्याची कारणे होती. त्यात गोव्याचा विचार कोणी केला असेल असे मला वाटत नाही. परिणाम असा झाला की, संघाच्या भिंतीच्या आत असल्याचा गोव्याला जो काही लाभ होता, तो ती भिंतच पडल्यामुळे गेला. शिवाय सामाईक जकातीच्या उत्पन्नात पोर्तुगीज सरकारचा जो वाटा ठरलेला होता, तो ज्या डबक्यातून यायचा ते डबकेच आटले.

कर शिल्लक राहिला तो मुख्यतः मीठ, दारू, अफू आणि शस्त्रास्त्रे यांवर. यांतल्या पहिल्या दोन वस्तू गोव्यातून बाहेर जाणाऱ्या मालात पूर्वीपासून मोडत होत्या, आणि नेमक्या त्या दोन्हींबाबत करारात वेगळी कलमे होती. त्यांविषयी जाणकारांनी लिहावे.

उत्तर: मानशीकडचा, पेडणे

वरच्या उत्तरातील शेवटचे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. आमचे आजोळ आगरवाड्याचे. गावाच्या नावातच आगर आहे, आणि हे आगर माडाचे नव्हे, मिठाचे.

ज्यांनी मिठागर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पावसाळ्यात साचलेले पाणी काढून टाकल्यानंतर चिखलाचे तळ पायांनी तुडवून घट्ट केले जातात. हे काम बारकाईचे असते. तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट होते आणि त्याला भाव येत नाही. मग भरतीच्या वेळी मानस, म्हणजे बांधातले पाणी अडवणारे दार, उघडून शापोऱ्याच्या खाडीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत ते दाट करायचे आणि शेवटच्या उथळ वाफ्यात उन्हाच्या हवाली करायचे. मीठ धरले की लाकडी फावड्याने ते बांधावर ओढून ढीग लावायचा. हंगाम जेमतेम मे महिन्यापर्यंत, कारण पहिल्या वळवाच्या सरीने महिन्याची मेहनत परत खाडीत जाते. त्यामुळे मिठागरवाल्याला सगळ्यात जास्त गरज असते ती झटपट उचल करणाऱ्या गिऱ्हाइकाची.

करारापूर्वी हे गिऱ्हाईक घाटमाथ्यावर आणि किनाऱ्यावर, दोन्हीकडे होते. गोव्याचे मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढून जाई आणि होड्यांतून कारवारच्या बाजूसही जाई. इंग्रजांच्या डोळ्यांत नेमके हेच खुपत होते. त्यांच्या मुलखात मिठावर जबर कर होता. १८८२ मध्ये तो मणाला २ रुपये करण्यात आला आणि १८८८ मध्ये अडीच रुपये. मीठ तयार करण्याचा खर्च मणाला काही आण्यांच्या घरात असताना एवढा कर म्हटल्यावर सीमेपलीकडच्या स्वस्त मिठाला चोरवाट मिळणे ओघानेच आले. डोंगराळ सीमेवर शिपाई उभे करत बसण्यापेक्षा मीठ जेथे पिकते तेथेच त्यावर हात ठेवावा, असा हा हिशेब होता. करारान्वये गोव्यातील मिठाचे उत्पादन आणि विक्री यांवर ब्रिटिश-हिंदी सरकारचा ताबा आला आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये द्यायचे ठरले.

आता तो ४ लाखांचा पैसा कोणाला मिळाला ते पाहा. तो पणजीच्या सरकारी खजिन्याच्या नावे ठरला. ज्या मीठगावड्याने तळ तुडवला त्याच्या हातात त्यातले काही आले नाही. त्याच्या नशिबी आला तो मीठ खात्याचा अंमलदार आणि त्याची परवानगी. किती मीठ काढायचे आणि ते केव्हा हलवायचे हे ठरवणारा माणूस पावसाच्या तारखेला बांधलेला नव्हता, मिठागरवाला बांधलेला होता. कित्येक आगरे या काळात ओस पडली. खाजनातले, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतले, मिठागर दोन-चार पावसाळे सोडले की बांध फुटतो आणि मासे नाहीतर खारफुटी त्याचा ताबा घेते. नंतर ते पुन्हा उभे करायला नव्याइतकाच खर्च येतो. म्हणून १८९२ मध्ये करार संपला तेव्हा मीठ मोकळे झाले, एवढे वाक्य पुरेसे नाही. मोकळे झाले, पण गिऱ्हाईक दुसरीकडे वळले होते आणि बांधही राहिले नव्हते.

आज पेडण्यात मोपाच्या विमानतळाची चर्चा जेवढी होते, तिच्या शतांशाइतकीही मिठागरांची होत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

उत्तर: दुसरी बाजू, मडगाव

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष मला पुरता मान्य नाही, आणि अभ्यासमंडळात बोलताना सत्तरीच्या वाचकांनी ही बाजूही मांडावी अशी विनंती आहे.

कराराचा परिणाम मोजायचा तर तुलना कशाशी करायची, हा पहिला प्रश्न आहे. करार झाला नसता तर मिठाची जुनी निर्यात तशीच चालू राहिली असती, असे गृहीत धरून आपण हळहळतो. ते गृहीतक कच्चे आहे. ब्रिटिश सरकारने मिठाच्या करासाठी हिंदुस्थानच्या पोटातून शेकडो कोस लांब काटेरी कुंपण वाढवले होते आणि ते १८७९ मध्ये सोडून दिले, ते मूळ ठिकाणीच ताबा मिळू लागल्यामुळे. अशा सरकारने गोव्याच्या घाटांवर पहारा बसवून मीठ अडवले असते, आणि मग गोव्याला ४ लाखही मिळाले नसते. फ्रेंचांशी झालेल्या १८१५ च्या तहातही असेच घडले होते: त्यांच्या वसाहतींमधील मीठ इंग्रजांच्या हाती आणि बदल्यात वर्षाला ४ लाख सिक्का रुपये. म्हणजे हा डाव गोव्यासाठी नव्याने रचलेला नव्हता, तो त्या सरकारचा नेहमीचा शिरस्ता होता.

दुसरे, रेल्वेचा उल्लेख अद्याप कोणीच केला नाही याचे नवल वाटते. मुरगावला बंदर आणि तेथून घाट चढून ब्रिटिश हद्दीतील लोहमार्गाला मिळणारी रेल्वे हा या कराराचा गाभा होता. लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि १८८८ पर्यंत मीटर मापाचा मार्ग दूधसागराच्या अंगाने कॅसल रॉकपर्यंत पोहोचला. धारवाड-हुबळीचा कापूस मुरगावातून जहाजावर चढेल, अशी कल्पना होती. ती अपेक्षेप्रमाणे फळली नाही हे मीही मानतो. मुंबईचे बंदर मोठे होते, जहाजे तेथे नियमित लागत, दलाल आणि पेढ्या तेथे होत्या, आणि रेल्वे कंपन्या आपापल्या भाड्याच्या दरांनी माल तिकडे ओढत होत्या. कागदावर जवळचे असलेले बंदर व्यापाऱ्याच्या हिशेबात जवळचे ठरतेच असे नाही. पोर्तुगीज सरकारला मात्र कंपनीच्या भांडवलावर व्याजाची हमी द्यावी लागली होती, आणि ते ओझे मालाची वाहतूक होवो न होवो डोक्यावर राहिले. इतके असूनही, विसाव्या शतकात याच मार्गाने आणि याच बंदरातून गोव्याच्या खनिजाचा व्यापार उभा राहिला, तो या १८८० च्या दशकातल्या बांधकामाशिवाय कसा झाला असता, याचा विचार करावा.

तिसरे, इतर अवलंबित प्रदेशांचे अनुभव. ग्रीनलंडच्या बहुसंख्य मतदारांनी १९७२ मध्ये विरोधात मत दिले, तरी डेन्मार्कच्या मागोमाग १९७३ मध्ये त्याला युरोपीय समुदायात जावे लागले. फॅरो बेटांना १९४८ पासून स्वशासन होते, म्हणून ती त्याच वेळी बाहेर राहू शकली. ग्रीनलंडला स्वशासन १९७९ मध्ये मिळाले, १९८२ मध्ये सार्वमत झाले आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ते बाहेर पडले. पण बाहेर पडताना आपल्या मासळीला युरोपात बिनजकात प्रवेश त्यांनी टिकवून घेतला आणि त्या बदल्यात मासेमारीचे हक्क देऊन वर मोबदलाही मिळवला. उलट फॉकलंड बेटांकडे पाहा. त्यांचा माकूल (स्क्विड) स्पेनच्या बाजारात बिनजकात जात असे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि जानेवारी २०२१ पासून त्यांच्या मासळीच्या मालावर, प्रकारानुसार, ६ ते १८ टक्के जकात बसू लागली. ब्रिटनने युरोपशी व्यापार करार केला, त्यात ही बेटे धरलेलीच नव्हती. ग्रीनलंडकडे समोरच्याला हवी असलेली मासळी होती आणि वाटाघाटीच्या टेबलाशी स्वतःची खुर्ची होती; फॉकलंडकडे माकूल होता, खुर्ची नव्हती. गोव्याकडेही इंग्रजांना हवे असलेले मीठ होते. संघात जाणे ही चूक नव्हती. ते मीठ सगळेच्या सगळे, बारा वर्षांसाठी, ठराविक रकमेला देऊन टाकणे ही चूक होती, असे माझे मत आहे.

उत्तर: पत्रादेवीचा प्रवासी

दारूविषयी थोडेसे. मुंबईचा अबकारी कायदा १८७८ चाच, आणि करारान्वये गोव्यातील अबकारी त्याच्याशी जुळवून घ्यायची होती. म्हणजे फेणीवर सीमेवरची जकात नव्हती, पण माडावर आणि भाटीवर, म्हणजे दारू गाळण्याच्या भट्टीवर, कराचे ओझे आले. रेंदेराच्या, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याच्या, दृष्टीने दोन्हींत फरक तो काय? नाक्यावर द्यायचे ते माडाखाली द्यावे लागले, आणि नाक्यावर निदान विकलेल्या मालावरच द्यावे लागत होते.

आजचे उदाहरण द्यायचे तर, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये आता कोणतीही जकात नाही, २०१७ पासून बहुतेक मालावर करही एकच आहे. परंतु पिण्याची दारू त्या करातून वगळलेली आहे आणि प्रत्येक राज्याची अबकारी वेगळी आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ती ‘देशी दारू’च्या वर्गात मोडत असल्यामुळे इतर राज्यांत रीतसर विकणे वर्षानुवर्षे जिकिरीचे राहिले आहे. गेल्या महिन्यात बांद्याला लग्नासाठी जाताना आमच्या गाडीची डिकी उघडून पाहिली गेली, ती त्याच रस्त्यावर जेथे १८८० मध्ये जकात उठली होती. काजूगरांचे दोन किलोचे पुडे होते, त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

सत्तरीचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. मडगावकरांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि तो मी मांडेन. एक शंका उरते. करार १८९२ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. संघातून बाहेर पडल्यावर तरी गोव्याच्या निर्यातीला मोकळा श्वास मिळाला का? आणि आमच्या रुपयाचे पुढे काय झाले?

निवृत्त जकातवाला, वास्को

रुपयाचे उत्तर सोपे आहे: नाणे चालू राहिले. चांदीचे वजन सारखे असल्यावर व्यापारी ते का नाकारील? शिवाय तोवर मुंबईला गेलेल्या गोवेकरांची संख्या वाढत चालली होती आणि त्यांची मिळकत ब्रिटिश रुपयांतच घरी येत होती. मिठागर आणि माड सुटलेला माणूस आगबोटीत बसला, त्याने गोव्याबाहेर नेले ते स्वतःचे श्रम, आणि घरी पाठवलेल्या पैशांतून बाहेरचा तांदूळ आला. हीसुद्धा एक निर्यातच म्हणायची असेल, तर त्या बारा वर्षांत वाढलेली निर्यात ती आहे.

मडगावच्या मित्रांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. चार लाखांचा आकडा बारा वर्षे गोठवलेला राहिला आणि मिठावरचा कर मात्र मध्येच वाढवला गेला, हे त्यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारेच आहे. वाढीव कराचा पैसा ज्याने कर वाढवला त्याच्याकडे गेला.

आता मोकळ्या श्वासाविषयी. १४ जानेवारी १८९२ रोजी मुदत संपली आणि सीमेवर पुन्हा जकातनाके आले. पहिली दोन वर्षे हिंदुस्थानात आयात मालावर सरसकट जकात नसल्यामुळे गोव्याच्या नारळ-सुपारीला त्याची झळ फारशी बसण्याचे कारण नव्हते. परंतु चांदीचा भाव घसरल्यामुळे हिंदुस्थान सरकारचा खजिना अडचणीत आला, आणि मार्च १८९४ मध्ये त्याने आयात जकात पुन्हा बसवली, बहुतेक मालावर ५ टक्के. भिंत नव्हती तेव्हा गोवा आत होता; भिंत उभी राहिली तेव्हा तो बाहेर होता. त्यानंतर मुरगावच्या गाडीतून जाणारा माल कुळ्याला पोर्तुगीजांनी तपासायचा आणि कॅसल रॉकला इंग्रजांनी, असा शिरस्ता पडला, आणि घाट चढण्याआधी व चढल्यानंतर, दोन्हीकडे गोणी उतरवून त्यांची तोंडे सोडावी लागू लागली.